कचेरीतून निघालेला डबा: इंदूरच्या विद्यार्थ्याने स्वस्तात अभ्यास आणि गेमचा पीसी कसा उभा करावा

कॉलेजला ॲडमिशन झाली की घरात कॉम्प्युटरचा विषय निघतो. मुलाला गेम चालणारा हवा असतो, आईबाबांना अभ्यास चालणारा, आणि बजेट दोघांच्याही मनासारखं नसतं. अशा वेळी दोन गोष्टी हमखास गळ्यात पडतात. एक, सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप, ज्याची रॅम पुष्कळदा बोर्डावरच सोल्डर केलेली असल्यामुळे पुढे वाढवता येत नाही. दुसरी, काचेची बाजू आणि रंगीत दिव्यांचे पंखे असलेला असेंबल्ड 'गेमिंग पीसी'. त्यात दिसणाऱ्या वस्तूंवर पैसे गेलेले असतात आणि आतला पॉवर सप्लाय कुठला, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्यापेक्षा कंपन्या काही वर्षं वापरून काढून टाकतात तो ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉप घ्या: डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क किंवा लेनोव्होचा थिंकसेंटर. दिसायला काळा, रुक्ष डबा. पण बोर्ड आणि पॉवर सप्लाय दिवसभर चालण्यासाठी बनवलेले असतात, बहुतेक मॉडेल स्क्रू-ड्रायव्हरशिवाय उघडतात आणि वाचलेले पैसे एसएसडी, रॅम, मॉनिटर यांवर घालता येतात. इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलमध्ये असे डबे मिळतात. तिथे जाण्याआधी काय मागायचं हे ठरलेलं असावं, नाहीतर दुकानात जे पडून आहे तेच तुमच्यासाठी 'बेस्ट' ठरतं.

कुठल्या पिढीचा घ्यायचा

इंटेलचा नंबर वाचता आला की अर्धं काम झालं. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी, आय५-१०५०० म्हणजे दहावी. नुसतं 'आय५ आहे' किंवा 'आय७ आहे' याला काही अर्थ नाही. आठव्या पिढीच्या आय५-८५०० मध्ये सहा कोर आहेत, चौथ्या पिढीच्या आय५-४५९० मध्ये चार. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय७ 'आय५च्या भावात' मिळतोय म्हणून भुलू नका. नंबराशेवटी 'टी' असेल तर तो कमी विजेवर चालणारा, म्हणून थोडा मंद प्रोसेसर.

सीमारेषा आठव्या पिढीची. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, सोबत टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा डबा घ्यायचा तर तो लिनक्ससाठी (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम), हे मनाशी पक्कं करून घ्या. लिनक्सवर तो अजूनही उत्तम चालतो. चौथ्या पिढीला मात्र हात लावू नका: रॅम डीडीआर३, म्हणजे पुढच्या बहुतेक मशीनमध्ये न चालणारी, आणि एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारच्या) एसएसडीवरून बूट करण्याची सोय नेहमीच्या बायॉसमध्ये (बोर्डावरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नाही.

एक वेगळी शिफारस: एएमडीचा रायझेन ५ २४००जी किंवा ३४००जी असलेला डबा दिसला तर नीट बघा. त्यातलं वेगा ११ ग्राफिक्स इंटेल प्रोसेसरमधल्या यूएचडी ६३० ग्राफिक्सपेक्षा बरंच पुढे आहे, वेगळ्या कार्डाशिवाय बऱ्याच गेम चालतात. विंडोज ११ हवं असेल तर ३४००जीच घ्या, कारण २४००जी मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही.

आकारावरही खूप अवलंबून आहे. 'टायनी' किंवा 'मायक्रो' म्हणजे पुस्तकाएवढा डबा. त्यात लॅपटॉपची रॅम लागते आणि साधं ग्राफिक्स कार्ड बसतच नाही. 'एसएफएफ' म्हणजे आडवा, बारीक. त्यात अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो-प्रोफाइल कार्ड बसतं. 'टॉवर'मध्ये पूर्ण उंचीचं. होस्टेलच्या किंवा भंवरकुआंच्या भाड्याच्या खोलीत जागा कमी म्हणून मुलं टायनी उचलतात आणि वर्षभरात कार्डासाठी हळहळतात. गेमचा जराही विचार असेल तर टॉवर, नाहीतर निदान एसएफएफ.

दुकानात उभं राहून काय तपासायचं

सोबत दोन गोष्टी न्या: व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम चालू करू देणारं सॉफ्टवेअर) टाकलेला १६ जीबीचा पेनड्राइव्ह, ज्यावर लिनक्स मिंट आणि मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) यांच्या आयएसओ फायली आहेत, आणि एक साधा वायरचा इअरफोन. दुकानदाराला नम्रपणे सांगा, 'भिया, चालू करके बायोस दिखा दो.' चांगला दुकानदार याला कधीच नाही म्हणत नाही. जो म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर एफ१ दाबून बायॉस उघडतो. पासवर्ड मागितला तर सौदा तिथेच थांबवा. कंपनीने लावलेला बायॉसचा पासवर्ड काढणं काही मॉडेलवर फार किचकट असतं आणि 'घरी करून देतो' हे आश्वासन पुरेसं नाही. बायॉसमध्ये तारीख-वेळ चुकीची दिसली तर घाबरू नका. ती सीआर२०३२ बटण-सेलची बाब आहे, सेल कुठेही मिळतो. पण लक्षात ठेवा, हा सेल संपला की दर वेळी तारीख मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक वेबसाइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, दोष सेलचा असतो.

मग पेनड्राइव्हवरून मिंट 'लाइव्ह' चालू करा, इन्स्टॉल न करता. पुढचे-मागचे सगळे यूएसबी पोर्ट एकेक करून पेनड्राइव्ह लावून बघा. इअरफोन लावून आवाज बघा, पुढचा जॅक ऑफिसात सगळ्यात जास्त झिजलेला असतो. मिंटमधला 'डिस्क्स' प्रोग्रॅम उघडून ड्राइव्हचा 'स्मार्ट' डेटा वाचा. विंडोज चालू असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हेच दाखवतं. 'पॉवर ऑन आवर्स' म्हणजे ड्राइव्ह किती तास चालली. आठवड्यातले पाच दिवस रोज नऊ तास धरले तर पाच वर्षांत साधारण १२,००० तास होतात, त्यामुळे तेवढ्या आकड्याने दचकू नका. दचकायचं ते 'रीॲलोकेटेड' आणि 'पेंडिंग सेक्टर' (ड्राइव्हवरच्या खराब जागांची मोजणी) यांच्यासमोर शून्याशिवाय काही असेल तर. तशी हार्डडिस्क मोजणीतच धरू नका, तिचे पैसे कमी करायला सांगा.

शेवटी दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून बोर्ड बघा. कपॅसिटर वर फुगलेले नसावेत, पॉवर सप्लायला जळका वास नसावा, रॅमचे मोकळे स्लॉट तुटलेले नसावेत. बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. टेस्टिंग वॉरंटी जितके दिवसांची म्हणतील तीही बिलावरच हवी, तोंडी नको.

घरी आल्यावर आधी साफसफाई

कितीही मोह झाला तरी आधी गेम टाकू नका. हे डबे वर्षानुवर्षं टेबलाखाली बसलेले असतात. पंख्यामागच्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीची गादी असते आणि मे महिन्यात, बाहेर चाळीसच्या वर पारा असताना, तिचा हिशेब चुकता होतो.

वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला भार उतरेल. गच्चीत किंवा गॅलरीत नेऊन उघडा. धूळ सुक्या, मऊ पेंटिंग ब्रशने सैल करा आणि ब्लोअरने उडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो भरधाव फिरला की बेअरिंग बिघडतं आणि मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकते. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज साचते.

आता थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता त्याच्यावरच्या धातूच्या हीटसिंककडे पोचवणारा लेप. काही वर्षं जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. हीटसिंक काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, म्हणजे पकड सैल होते. बंद करून, वायर काढून, चारही स्क्रू थोडे थोडे आणि तिरक्या जोडीने सैल करा: एक कोपरा, मग त्याच्या समोरचा. मग हीटसिंक सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. इंटेलमध्ये प्रोसेसर खिटीखाली अडकलेला असतो, तो जागेवर राहतो. रायझेनच्या एएम४ सॉकेटमध्ये मात्र प्रोसेसर हीटसिंकला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात, म्हणून तिथे पिळणं फारच महत्त्वाचं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. मधोमध तुरीच्या दाण्याएवढा नवा थेंब ठेवा, पसरवू नका, हीटसिंकचा दाब ते काम करतो. स्क्रू पुन्हा तिरक्या जोडीनेच आवळा.

मग विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) किंवा मिंटमध्ये सेन्सर्सचा ॲपलेट लावून अर्धा तास ताण देऊन बघा. ८० अंशांपर्यंत काळजी नाही. १०० जवळ पोचलं की इंटेलचा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळते. एक हिशेब करायला शिका: खोलीच्या तापमानापेक्षा प्रोसेसर किती वर जातो, तो फरक जवळपास तोच राहतो. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ६५ दाखवत असेल, तर मे महिन्यात ३६ अंशांच्या खोलीत ८१च्या आसपास जाणार. हिवाळ्यात घेतलेल्या मशीनवर खूश होण्याआधी हे गणित मांडा.

एसएसडी आधी, रॅम नंतर, बाकी सगळं त्यानंतर

हार्डडिस्कवरून एसएसडीवर जाणं हा एकच बदल असा आहे की जो घरातल्या आजींनाही जाणवतो. सहाव्या पिढीपासून पुढे बहुतेक बोर्डांवर एम.२ स्लॉट, म्हणजे काडीसारखी एसएसडी बसवायची जागा असते. तिथे एनव्हीएमई बसते का ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या, कारण वायफाय कार्डासाठीचा एम.२ स्लॉट दिसायला सारखा पण वेगळ्या खाचेचा असतो. एनव्हीएमई बसत नसेल तर २.५ इंची साटा एसएसडी लावा. तिचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो, पण रोजच्या वापरात तो फरक कळणारही नाही. ५०० जीबीपेक्षा कमी घेऊ नका. २५० जीबीवर विंडोज, ऑफिस, कॉलेजचं सॉफ्टवेअर आणि काउंटर-स्ट्राइक २ एवढ्यातच जागा संपत येते.

अविश्वसनीय स्वस्त 'दोन टीबी'ची पोर्टेबल एसएसडी कुठेही दिसली तर घेऊ नका. आत साधं मेमरी कार्ड असतं आणि त्याचं फर्मवेअर खोटी क्षमता सांगतं. भरलेल्या भागापुढे लिहिलेला डेटा निमूट गायब होतो. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतं आणि खोटेपणा उघडा पाडतं. कुठलाही नवा पेनड्राइव्ह घेतला तरी ही चाचणी करावी.

रॅम १६ जीबी, आणि ती आठ-आठच्या दोन काड्यांमध्ये. हे दुकानात हमखास चुकतं. १६ची एकच काडी लावली की मेमरीचा एकच रस्ता वापरला जातो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे दुसरी काडी लावल्यावर गेमचा वेग डोळ्यांना दिसेल इतका वाढतो. रायझेनवर तर हा फरक फारच मोठा. बोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन काड्या एकाच रंगाच्या दोन स्लॉटमध्ये लावा आणि सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून 'ड्युअल' किंवा '२ x ६४-बिट' लिहून आलं का ते बघा. नव्या काड्या लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६+ चालू ठेवा. एकही लाल ओळ आली तर काडी परत करा. 'कधीतरी आपोआप बंद पडतो' या तक्रारींचं मूळ वारंवार इथेच सापडतं.

ग्राफिक्स कार्ड: वॉट मोजा, मग नाव बघा

एसएफएफ डब्यांचा पॉवर सप्लाय छोटा असतो. ऑप्टिप्लेक्स ७०५० एसएफएफचा १८० वॉट. प्रोसेसर ६५, स्लॉटमधून चालणारं कार्ड जास्तीत जास्त ७५, बाकी बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून वीस-पंचवीस. बेरीज १६५च्या घरात जाते. चालतं, पण इंदूरच्या उन्हाळ्यात जुना सप्लाय त्याच्या टोकाला चालवणं शहाणपणाचं नाही. म्हणून एसएफएफसाठी ४०-५० वॉटचं कार्ड उत्तम.

इथे एक कमी माहितीची पण फार चांगली वाट आहे: वर्कस्टेशनमधून निघालेली एनव्हिडियाची टी६०० आणि टी१००० कार्डं. दोन्ही लो-प्रोफाइल, एकाच स्लॉटच्या जाडीची, वेगळी वायर न लागणारी. टी१००० ५० वॉटमध्ये जीटीएक्स १६५०च्या जवळ पोचतं. त्यांना मिनी डिस्प्लेपोर्ट असतो, त्यामुळे एचडीएमआयचा ॲडॅप्टर सोबतच मागून घ्या. 'गेमिंग कार्ड नाही' म्हणून मुलं याकडे बघत नाहीत, ते चुकतं. टॉवर असेल तर ७५ वॉटचं जीटीएक्स १६५० घ्या. तेही सहा पिनांची जादा वायर न मागणारं बघून, कारण त्या नावाची दोन्ही प्रकारची कार्डं आहेत.

रेडिऑन आरएक्स ६४०० नवं मिळतं म्हणून दुकानदार पुढे करतात. ते पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) चारच लेन वापरतं. या जुन्या बोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी असल्याने त्याचा वेग मार खातो, शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायची झाली तर सगळा भार प्रोसेसरवर. जीटी १०३० घेताना मेमरी 'जीडीडीआर५' आहे का विचारा. 'डीडीआर४'वालं त्याच नावाने विकलं जातं आणि बरंच मंद आहे.

जुन्या कार्डाचा बायॉस बदलून नवं नाव लावून विकण्याचा धंदाही चालतो. स्टिकर १०५० टीआयचं, आत कितीतरी जुनी चिप. जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्ड ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवलं की नावाआधी 'फेक' असं लिहून येतं. दुकानातच चालवून बघा. घरी कळून उपयोग नाही.

मोजपट्टी विसरू नका. पुष्कळ एसएफएफमध्ये मोठा स्लॉट पॉवर सप्लायला लागून असतो आणि दोन स्लॉट जाडीचं कार्ड तिथे शिरत नाही. आणि 'सप्लायच मोठा लावू' हा विचार करत असाल तर थांबा: डेल, एचपी, लेनोव्होच्या बोर्डांना नेहमीची २४ पिनांची जोडणी सहसा नसते, स्वतःची वेगळी असते. ॲडॅप्टर मिळतात, पण नेहमीच्या आकाराचा सप्लाय एसएफएफच्या पेटीत बसत नाही.

अर्थिंग आणि यूपीएस

डब्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिणी येते? ते 'थोडंसं होतंच' असं नाही. सॉकेटला अर्थिंग नाही. सप्लायमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर विजेचा गळता दाब येतो आणि अर्थिंग नसल्याने तो जमिनीत जात नाही. रामबाग, नारायण बाग अशा जुन्या भागांत भाड्याच्या खोलीत तिसरी पिन नुसती दिखाऊ असू शकते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज आणि अर्थ यांत २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. मोजमाप येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि घरमालकाला स्पष्ट सांगा.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, या डब्याला आणि मॉनिटरला पुरतो. पण विकत घेण्याआधी दुकानातच प्लग काढून बघा. स्वस्त यूपीएसची वीज चौकोनी लाटेची असते आणि काही ब्रँडेड सप्लाय ती न स्वीकारता मशीन बंद करतात, म्हणजे यूपीएस असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर जातोच.

विंडोज की लिनक्स

गेमवर ठरतं. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत, त्यांची चीट रोखणारी यंत्रणा परवानगी देत नाही. विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात, तेव्हा बायॉसमध्ये ते आधी लावा. हे गेम खेळायचे नसतील तर लिनक्स मिंट मनापासून सुचवावंसं वाटतं. वाल्व्ह कंपनीने २०१८मध्ये आपल्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 'प्रोटॉन' आणल्यापासून विंडोजच्या हजारो गेम लिनक्सवर चालतात. प्रोटॉनडीबीवर गेमचं नाव टाकून आधी खात्री करा. एकच काळजी: प्रोटॉनच्या गेम विंडोजच्या एनटीएफएस विभागात ठेवू नका, त्या उघडायला त्रास देतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ विभागात ठेवा.

दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या एसएसडी वापरा. एकाच एसएसडीवर करायचं झालं तर विंडोज आधी, मिंट नंतर, आणि विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद. दोन्ही लावल्यावर घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं, कारण लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं.

विंडोजचं लायसन्स बहुतेक डब्यांच्या बायॉसमध्येच असतं. त्याच प्रकारचं (होम किंवा प्रो) विंडोज टाकलं की नेटशी जोडताच आपोआप ॲक्टिव्हेट होतं. तेव्हा दुकानदाराने 'ॲक्टिव्हेटर' मारून दिलेलं विंडोज तसंच वापरू नका. कोणी काय घुसवलं आहे ते कळायला मार्ग नाही आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं लॉगिन करणार असता. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फाइल उतरवून स्वच्छ इन्स्टॉल करा.

काय खेळायचं

गेमची लायकी ग्राफिक्सवरून ठरवण्याची सवय लवकर सोडलेली बरी. स्टारड्यू व्हॅली (२०१६) एका माणसाने एकट्याने बनवली, एका जीबीतही बसते आणि शेकडो तास पुरते. सेलेस्टे (२०१८) डोंगर चढण्याची गेम आहे, पण प्रत्येक पडदा म्हणजे एक नेटकं कोडं. हॉलो नाइट (२०१७) ऑस्ट्रेलियातल्या छोट्या चमूने हाताने रेखाटली आहे. पोर्टल २ (२०११) इतकी वर्षं होऊनही तिच्या जवळपास फार थोड्या गेम पोचल्या आहेत. या सगळ्या यूएचडी ६३०वर कार्डाशिवाय चालतात, फार तर रिझोल्यूशन एक पायरी उतरवावं लागेल. काउंटर-स्ट्राइक २ मात्र अंगच्या ग्राफिक्सवर रखडते, तिला कार्ड हवंच.

कार्ड असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची 'राजी' (२०२०) नक्की खेळा. आपल्या पुराणांतल्या मूर्ती आणि वास्तू घेऊन, दर्जात तडजोड न करता गेम करता येते हे तिने दाखवलं. लढाया थोड्या एकसुरी आहेत, पण भिंतींवरची चित्रं बघायला थांबावंसं वाटतं.

क्रॅक केलेल्या गेम नकोत. तत्त्वाचा भाग सोडला तरी चोरीच्या फायलींतून ब्राउझरचे पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येतात. स्टीमवर किमती रुपयांत आहेत, सेलमध्ये जुन्या गेम खूप उतरतात, आणि घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळली असेल तर पैसे परत मागता येतात. आपल्या मशीनवर चालते का हे बघण्यासाठी हा नियम सरळ वापरा. एपिकचं ऑनलाइन दुकान वेळोवेळी गेम फुकट देतं, तिथे खातं उघडून ठेवा.

मराठी लिहिण्याची सोय पहिल्याच दिवशी

घरच्या गणपतीची आमंत्रणपत्रिका, आत्याचं पत्र, मंडळाचा कार्यक्रम, हे सगळं शेवटी कॉम्प्युटर येणाऱ्या मुलाकडेच येतं. टायपिंगच्या दुकानांत अजून कृतिदेव फॉन्ट चालतो. ती फाइल मोबाइलवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते, म्हणून युनिकोडमध्येच लिहा. विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. मिंटमध्ये आयबस आणि एम१७एन बसवून मराठी निवडा.

इनस्क्रिप्ट शिकण्याचा आग्रह धरावासा वाटतो. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजनं, त्यामुळे रोज थोडा सराव केला तर हात लवकर बसतो, आणि हिंदीसाठीही तोच कीबोर्ड चालतो, जे मध्य प्रदेशात दुहेरी कामाचं आहे. 'ळ' शिफ्ट-एनवर आहे. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र येत नाही म्हणून लोक 'दुसर्या' लिहून मोकळे होतात. शिफ्ट-जे दाबून 'ऱ', मग डी दाबून हलन्त, मग पुढचं व्यंजन, एवढंच करायचं असतं.

नेट आणि मित्र

ऑफिस डब्यांत वायफाय बहुधा नसतं. स्वस्त यूएसबी डोंगलपेक्षा राउटरपासून कॅट६ केबल ओढा. ऑनलाइन गेमला वेगवान प्लॅन नको, स्थिर लाइन हवी. सर्व्हर मुंबई निवडा. वायफायवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ) मध्येच उडतो तो शेजारच्या डझनभर राउटरांच्या गर्दीमुळे. केबल लावूनही संध्याकाळी पिंग चढत असेल तर घरात कोणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप चालू आहे का बघा. अपलोड भरला की गेमचे पॅकेट रांगेत उभे राहतात. राउटरमध्ये अपलोडवर मर्यादा घातली की सुटतं.

आणि इंटरनेटशिवायही खेळा. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, प्रत्येकाला एक केबल, बस. ०एडी मोफत आहे, जुन्या साम्राज्यांच्या लढायांची गेम आहे आणि सहाव्या पिढीच्या डब्यावरही चालते, फक्त नकाशा लहान घ्या आणि सैन्याची मर्यादा १५०वर ठेवा, नाहीतर शेवटी सगळ्यांची गेम सगळ्यात मंद मशीनच्या चालीने चालते. सुपरटक्सकार्टमध्ये एकाच पडद्यावर चौघं खेळू शकतात. मशीन एकमेकांना दिसत नसतील तर तीन गोष्टी याच क्रमाने बघा: सगळ्यांकडे गेमची आवृत्ती एकच आहे का, विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का, आणि फायरवॉलने पहिल्यांदा विचारलं तेव्हा कोणी घाईत 'कॅन्सल' दाबलं होतं का. स्विचला राउटर जोडलेला नसेल तर प्रत्येक मशीनला हाताने पत्ता द्या, १९२.१६८.५०.१ पासून पुढे ओळीने, सबनेट मास्क सगळ्यांचा २५५.२५५.२५५.०.